वाचकांचे प्रश्न: कुर्डुवाडी जंक्शन, १:८७

वाफेच्या काळातलं एखादं खरं स्टेशन नजरेसमोर ठेवून मॉडेल रेल्वे कशी मांडावी, यावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत कुर्डुवाडीचं नाव पुन्हा पुन्हा आलं, म्हणून हा सगळा अंक त्याच स्टेशनाला दिला आहे. ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली इथून बार्शीपर्यंत सुरू झाली. तेव्हा या स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट: ७६२ मिमी. शेजारून मुंबई–सोलापूर ब्रॉडगेज, १६७६ मिमी. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात नॅरोगेज टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये बदलली.

प्र. मला नॅरोगेज आणि ब्रॉडगेज दोन्ही चालवायचे आहेत. कोणतं प्रमाण घ्यावं? दुकानदार एन गेज घ्या म्हणतात. (पुणे)

उ. एन नको. एनमध्ये (साधारण १:१६०) अडीच फुटी रूळ पाच मिलिमीटरच्या आसपास येतो आणि त्यावर धावणारं काही तयार मिळत नाही. एचओ घ्या, म्हणजे १:८७ (नेमकं सांगायचं तर १:८७.१). कारण साध्या भागाकारात आहे. ७६२ भागिले ८७.१ म्हणजे ८.७५ मिमी, आणि बाजारात सहज मिळणारा रूळ ९ मिमीचा. फरक पाव मिलिमीटर, तो डोळ्याला दिसत नाही. ऑस्ट्रियातल्या ७६० मिमी गेजच्या गाड्यांची मॉडेल्स नेमकी याच प्रमाणात, एचओई नावाने मिळतात. त्यांच्या बोगी, चाकं, कपलिंग तुम्हाला थेट वापरता येतात.

अडचण ब्रॉडगेजची आहे. १६७६ मिमीचा रूळ १:८७ मध्ये १९.२ मिमी यायला हवा आणि तयार एचओ रूळ १६.५ मिमीचा असतो. पावणेतीन मिलिमीटरची ही तूट समोरून पाहिलं की जाणवते, बाजूने पाहिलं की जवळजवळ जाणवत नाही. त्यामुळे ब्रॉडगेज धावती ठेवायची असेल तर १६.५ स्वीकारा आणि ती लाइन बोर्डाच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकाला समांतर ठेवा. ब्रॉडगेजच्या चार-पाच वाघिणी नुसत्या उभ्या ठेवायच्या असतील तर मात्र १९.२ मिमीचा रूळ हाताने बसवा. सांधे (गाडी एका लाइनवरून दुसरीवर नेणारी जागा) नसलेल्या सरळ तुकड्याला फारसं कसब लागत नाही. चाकं आसावर बाहेर सरकवून आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे १७.२ मिमी करा. दोन्ही एकाच बोर्डावर शेजारी शेजारी ठेवू नका. खरं माप शेजारी असलं की खोटं लगेच उघडं पडतं.

प्र. वर्ष ठरवणं खरंच गरजेचं आहे का? “वाफेचा काळ” एवढं पुरत नाही का? (सोलापूर)

उ. पुरत नाही. वर्ष ठरल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका. डब्यांचा रंग, वाघिणीवरची अक्षरं, सिग्नलचा हात, पाटीवरची लिपी, फलाटावरचे दिवे, सगळं वर्षावर अवलंबून असतं. १९३० घेतलं तर ब्रॉडगेजवर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे) आणि नॅरोगेजवर बार्शी लाइट रेल्वे, दोन वेगळ्या मालकांच्या गाड्या. १९५८ घेतलं तर दोन्हीकडे मध्य रेल्वे. ब्रॉडगेजवर प्रवासी गाडीला गोल नाकाचं डब्ल्यूपी इंजिन आणि मालगाडीला डब्ल्यूजी, नॅरोगेजवर जुनी बार्शीची इंजिनं.

आमची शिफारस १९५८ ची. डब्ल्यूपी १९४७ पासून, डब्ल्यूजी १९५० पासून आल्या, म्हणजे दोन्ही बेधडक ठेवता येतात. पेरांबूरच्या आयसीएफ कारखान्यातून डबे बाहेर पडायला १९५५ मध्ये सुरुवात झाली होती, त्यामुळे गाडीत एखाद-दुसरा नवा पोलादी डबा आणि बाकी जुने, अशी सरमिसळ योग्य दिसेल. महिनाही ठरवा. आषाढी-कार्तिकीच्या सुमारास पंढरपूरकडे माणसांची गर्दी, रुईच्या हंगामात बार्शी-लातूरकडून गाठींची आवक. आषाढातलं स्टेशन ओलं आणि हिरवं असतं, कार्तिकानंतरचं धुळकट. दोन्ही एकत्र करू नका.

प्र. जुनं यार्ड आता शिल्लक नाही. नकाशाही मिळाला नाही. हाती फक्त काही जुने फोटो आहेत. मापं कशी काढायची? (लातूर)

उ. फोटोत रूळ दिसतोय ना? मग पट्टी तुमच्या हातातच आहे. दोन रुळांमधलं अंतर तुम्हाला मिलिमीटरपर्यंत माहीत आहे: नॅरोगेज ७६२, ब्रॉडगेज १६७६. इमारतीच्या पायाशी, कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर जिथे रूळ आडवा दिसतो, तिथे ते अंतर फोटोवर मोजा आणि त्याच पट्टीने भिंत मोजा. मात्र कॅमेऱ्यापासूनचं अंतर बदललं की पट्टीही बदलते. जवळच्या रुळाने लांबची भिंत मोजली तर स्टेशन निम्म्या आकाराचं होईल. नवशिक्यांची मापं इथेच हमखास चुकतात.

रूळ दिसत नसेल तर दुसऱ्या ओळखीच्या वस्तू शोधा. लाकडी ब्रॉडगेज स्लीपर २७५० मिमी लांब, २५० रुंद. नॅरोगेजचा १५०० लांब, १८० रुंद. डब्ल्यूजीचं मोठं चाक १५६२ मिमी, डब्ल्यूपीचं १७०२. बार्शी लाइटच्या मूळ मालडब्यांची मापं तर फारच उपयोगी. कॅलथ्रॉपने सगळे डबे एकाच घडणीच्या पोलादी सांगाड्यावर बांधले, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. तसा एक डबा भिंतीलगत उभा असलेला फोटो सापडला तर अख्ख्या मालधक्क्याची लांबी त्यावरून निघते.

एकाच भिंतीचं माप किमान दोन वेगळ्या वस्तूंवरून काढा. दोन उत्तरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर फोटो तिरका आहे, तो बाजूला ठेवा. मग कागदावर १:८७ चा आराखडा काढा, पुठ्ठ्याची कच्ची इमारत उभी करा आणि फोटो काढला त्याच कोनातून मोबाइलने तिचा फोटो घ्या. दोन्ही शेजारी ठेवले की छपराचा उतार, खिडकीची जागा, कमानीची उंची यांतल्या चुका आपोआप दिसतात. प्लास्टिकचं शीट कापण्याआधी हे करा. पुठ्ठ्याला खर्च नाही.

उपग्रहाच्या चित्रावर मात्र विसंबू नका. तिथे आज दिसतं ते गेज बदलानंतरचं यार्ड. त्यावरून इमारतीची दिशा आणि रस्त्याचं वळण तेवढं घ्या.

प्र. फ्लॅटमधली एक भिंत मोकळी आहे, चौदा फूट. काय बसेल? लाकूड किती लागेल? (ठाणे)

उ. आधी लांबीचा हिशोब. ब्रॉडगेजचा आयसीएफ डबा बफरसकट या प्रमाणात २५६ मिमी येतो. बारा डब्यांची गाडी म्हणजे तीन मीटर, आणि वर इंजिन. ती तुमच्या भिंतीवर बसणार नाही, म्हणून तिचा हट्ट धरू नका. नॅरोगेजचा २५ फुटी डबा फक्त ८७.५ मिमी. सात डबे आणि टेंडर इंजिन (मागे कोळसा-पाण्याची गाडी जोडलेलं) मिळून ८०० मिमीच्या आत. म्हणजे नॅरोगेजची गाडी जवळजवळ पूर्ण लांबीची दाखवता येते. म्हणून बोर्ड नॅरोगेजला द्या. ब्रॉडगेज मागून एका लाइनने जाऊ द्या, आणि तिच्या पुढे मालाची अदलाबदल करणारा फलाट ठेवा. या स्टेशनाचा जीव त्या फलाटात आहे: एका बाजूला अडीच फुटी वाघीण, दुसऱ्या बाजूला साडेपाच फुटी, आणि मधून हमालाच्या पाठीवरून जाणारी पोती.

१२ मिमीचं ८ बाय ४ चं एकच प्लाय शीट पुरतं, पण बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) दर्जाचंच घ्या. साधं कमर्शियल प्लाय पावसाळ्यात फुगतं. शीट लांबीत दोन भागांत कापा, प्रत्येकी ६१० मिमी रुंद. एक भाग मधोमध कापून १२२० मिमीचे दोन बोर्ड करा, म्हणजे लिफ्टमधून नेता येतील. दुसऱ्या भागाच्या ९० मिमी रुंदीच्या सहा पट्ट्या काढा. दोन पट्ट्यांतून १२२० चे चार लांब कठडे, दोन पट्ट्यांतून ५८६ मिमीचे आठ आडवे, प्रत्येक बोर्डाखाली चार. उरलेल्या दोन पट्ट्या मागच्या पडद्याच्या आधाराला. दोन बोर्ड जोडायला ८ मिमीचे दोन बोल्ट आणि जागेवर नेमके बसायला दोन पितळी डॉवेल (खुंट्या) लावा. नुसत्या बोल्टवर रूळ दरवेळी जुळत नाहीत, बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असतेच. रुळाची उंची जमिनीपासून १.२ मीटर ठेवा. वरून पाहिलं की खेळणं दिसतं, डोळ्यांच्या पातळीवर स्टेशन दिसतं.

दोन्ही टोकांना ९०० बाय २०० मिमीच्या काढता येणाऱ्या फळ्या लावा. डावीकडची पंढरपूर, उजवीकडची बार्शी. त्यांवर सांध्यांऐवजी कॅसेट वापरा: ८५० मिमी लांबीच्या प्लायच्या पट्टीवर ॲल्युमिनियमचे दोन एल-अँगल, आतून आत ९ मिमी. अख्खी गाडी कॅसेटसकट उचलून फिरवता येते, आणि टेंडर इंजिन वळवायचा प्रश्नही सुटतो. खरं पाहता पंढरपूर दक्षिणेला आणि बार्शी ईशान्येला, म्हणजे नॅरोगेज कुठेतरी ब्रॉडगेज ओलांडणारच. ते ओलांडणं पडद्यामागे आहे असं समजा. या रुंदीत ते दाखवायला गेलात तर स्टेशनला जागा उरणार नाही.

खरेदी: ९ मिमी लवचिक रुळाचे ९१४ मिमीचे आठ तुकडे, सांधे पाच (दोन लूपचे, म्हणजे मुख्य लाइनपासून फुटून पुन्हा तिलाच मिळणाऱ्या लाइनचे, मालधक्का, अदलाबदलीचा फलाट आणि इंजिन शेड यांचा प्रत्येकी एक), १६.५ मिमीचे पाच तुकडे. लूपची मोकळी लांबी ८५० मिमी ठेवा. त्याहून कमी झाली तर इंजिन गाडीच्या पुढून मागे घेता येणार नाही.

रुळाच्या उंचीचाही विचार करा. बार्शी लाइटचा मूळ रूळ दर तीन फुटांना (एक यार्ड) ३० पौंड वजनाचा, अगदी हलका. ९ मिमीचा सहज मिळणारा कोड ८० रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) दोन मिलिमीटर उंच असतो, म्हणजे प्रत्यक्षात १७७ मिमी, आजच्या ६० किलोच्या रुळाहूनही उंच! कोड ५५ मिळाला तर तोच घ्या. कोड ८० घ्यावा लागला तर स्लीपर बुडेपर्यंत राख आणि माती भरा. नॅरोगेजच्या यार्डात ते शोभूनही दिसतं.

प्र. मे महिन्यात रूळ वाकडे झाले, जुलैत गाडी थांबून थांबून चालते. लहान शंटिंग इंजिन तर प्रत्येक सांध्यावर अडतं. (नाशिक)

उ. ही तीन वेगळी दुखणी आहेत.

वाकडेपणा उष्णतेचा. निकेल सिल्व्हरचा ९१४ मिमीचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. डिसेंबरात रूळ टाकत असाल तर प्रत्येक जोडाला अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवा. मेच्या दुपारी टाकत असाल तर फट ठेवायची गरज नाही. आता वाकलेल्या जागी रूळ कापून फट करा, पुन्हा ताणून बसवायचा प्रयत्न करू नका. जोड सोल्डर करून पक्के केले असतील तर किमान एकाआड एक मोकळा करा.

पावसाळ्यातली अडखळ जोडपट्ट्यांमुळे. दमट हवेत त्यांच्या आत गंज धरतो आणि वीज पुढे जात नाही. जोडपट्टीवर वीज सोपवूच नका. बोर्डाखालून १.५ चौरस मिमीच्या दोन मुख्य तारा न्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, लहानात लहान तुकड्यालासुद्धा, बारीक तारेने स्वतंत्र जोड द्या. जोड रुळाच्या बाहेरच्या बाजूला करा. दोन्हीकडे ओला कापूस ठेवून दोन सेकंदांत सोल्डर उरका, नाहीतर स्लीपर वितळतात आणि गेज आवळतं. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. पॉलिश पेपर कधीही नको. त्याच्या ओरखड्यांत काळा मळ दुप्पट वेगाने बसतो.

सांध्यावर अडणं क्रॉसिंगमुळे, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागामुळे. तुमच्या सांध्याचं क्रॉसिंग प्लास्टिकचं आहे. लहान इंजिनाची चाकं जवळजवळ असतात, त्यामुळे एका बाजूची वीज घेणारी चाकं एकाच वेळी त्या मृत भागावर येतात. धातूच्या क्रॉसिंगचे सांधे घ्या आणि क्रॉसिंगला मायक्रोस्विचमधून वीज द्या, म्हणजे सांधा पडला की ध्रुवताही बदलते. स्विच सांध्याच्या दांड्यालाच जोडा. हाताने वेगळा दाबायचा ठेवलात तर एखाद दिवशी विसराल आणि शॉर्ट होईल. सांधा हलवायला एसजी९० सर्व्हो (छोटी मोटार) चांगला. तो पाते हळू सरकवतो, कॉइलसारखा हिसका देत नाही.

प्र. इंजिनं कुठून आणायची? (बार्शी)

उ. जशीच्या तशी मिळणार नाहीत. सांगाडा विकत घ्यायचा आणि अंग आपण बांधायचं.

बार्शी लाइटच्या एफ वर्गाच्या २-८-२ इंजिनासाठी (पुढे दोन, मधे जोडलेली आठ, मागे दोन चाकं) जपानी डी५१ इंजिनाचं एन गेजमधलं मॉडेल पाहा. तेही २-८-२ आणि ९ मिमीवर चालणारं. १:१५० मधलं त्याचं चाक साधारण ९.३ मिमी, म्हणजे आपल्या प्रमाणात ८१ सेंटिमीटर. चाकांमधली अंतरं फोटोशी ताडून मगच घ्या. फ्रेम चाकांच्या आत आहे की बाहेर तेही पाहा, कारण बाहेरची फ्रेम असेल तर चाकांपुढे एक पातळ पत्रा आणि क्रँक लावावे लागतात. कॅलथ्रॉपची किट्सन कंपनीने बांधलेली मूळ ०-८-४ टाकी इंजिनं (पाणी इंजिनावरच वाहणारी) दिसायला फार देखणी. पाच टनांचा ॲक्सल लोड (एका आसावरचं वजन) सांभाळायला वजन सारखं वाटलेलं. पण पहिल्याच खेपेला ती करू नका. मागच्या चार चाकांची बोगी आणि जोडलेली आठ चाकं वळणावर एकत्र नांदवणं अवघड असतं.

डब्ल्यूजीसाठी अमेरिकन यूएसआरए मिकाडोचा एचओ सांगाडा चालतो. त्याचं चाक खऱ्यात १६०० मिमी, डब्ल्यूजीचं १५६२. फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी.

नॅरोगेजच्या वाघिणी मात्र स्वतः करा. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून ८७.५ बाय २४.५ चा तळ कापा आणि खाली एचओई बोगी लावा. सगळे डबे एकाच सांगाड्याचे असल्यामुळे एक साचा करून सात कापता येतात. प्रत्येक डब्यात शिशाची पट्टी टाकून वजन २० ग्रॅमच्या आसपास न्या आणि सगळ्यांचं सारखं ठेवा. हलका डबा मधे आला की ढकलताना तोच रुळावरून उतरतो.

प्र. खडीसाठी इथलीच क्रशरची कच वापरली तर चालेल का? (पंढरपूर)

उ. चालेल, आणि रंगही तिचाच खरा येतो. विकतची फिकट करडी खडी दख्खनच्या काळ्या दगडाशी जुळत नाही. पण वापरण्याआधी पसरून तिच्यावरून चुंबक चार-पाच वेळा फिरवा. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. त्याचे कण मोटारीचं चुंबक ओढून घेतं आणि गिअर खाऊन टाकतात. चुंबकाला चिकटलेली काळी पूड पाहिलीत की पटेल.

रव्याच्या चाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील ती कच ब्रॉडगेजसाठी. खरी खडी सुमारे ५० मिमीची, म्हणजे कण अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. मैद्याच्या चाळणीतून गाळलेली नॅरोगेजसाठी, निम्मी राख मिसळून. कोरडी पसरून ब्रशने स्लीपरमधून सारखी करा, वरून अल्कोहोल फवारा, मग फेविकॉल आणि पाणी समभाग घेऊन त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडा. लिक्विड नसेल तर थेंब कचेवर गोळा होतो आणि खड्डे पडतात. सांध्याच्या पात्यांजवळ गोंद अजिबात नको. तिथे आधी तेलाचा अगदी बारीक थेंब द्या आणि कच नुसती दाबून बसवा. सुकायला पूर्ण एक रात्र लागते, पावसाळ्यात दोन.

प्र. ब्रिटिश सिग्नलचं किट लावलं तर चालेल का? (अहिल्यानगर)

उ. हात खाली पडणारं, म्हणजे लोअर क्वाड्रंट असेल तर चालेल. हात वर जाणारं नको. आउटरच्या (स्टेशनाबाहेरच्या पहिल्या सिग्नलच्या) खांबावर खालच्या बाजूला वॉर्नरचा, म्हणजे पुढची सूचना देणाऱ्या सिग्नलचा, माशाच्या शेपटीसारखा कापलेला हात असतो, तो विसरू नका. गाडीकडून पाहिलं की हात खांबाच्या डावीकडे यायला हवा. किट उलटं जोडलं जाण्याचं प्रमाण आश्चर्यकारक आहे.

प्र. इथे सगळं ओओमध्ये मिळतं. कुर्डुवाडी ओओमध्ये करू का? (लेस्टर, इंग्लंड)

उ. करा. १:७६ मध्ये अडीच फुटी रूळ बरोबर १० मिमी येतो आणि ओओ९ चा रूळ ९ मिमीचा, त्यामुळे तो किंचित अरुंद दिसेल. ब्रॉडगेज मात्र २२ मिमी यायला हवी, तिथे १६.५ ची तूट एचओपेक्षा बरीच जास्त. एक पथ्य पाळा: एचओची माणसं आणि इमारती त्यात मिसळू नका. दोन प्रमाणांत चौदा टक्क्यांचा फरक आहे आणि दारात उभा केलेला माणूस तो लगेच सांगतो.

प्र. हेच गणित मुरगावच्या जुन्या मीटरगेजला लागू होईल का? (मडगाव)

उ. होईल, रूळ तेवढा १२ मिमीचा घ्या, एचओएम नावाचा. १००० मिमी भागिले ८७.१ म्हणजे ११.५, फरक अर्ध्या मिलिमीटरचा. स्विस मीटरगेजमुळे चाकं आणि बोगी मिळतात. इंजिनात वायपी ४-६-२ आणि वायजी २-८-२ आहे. जमीन मात्र जांभ्याची लागेल, म्हणून वर सांगितलेली काळी कच तिथे वापरू नका. जांभा स्वतः कुटून चाळा आणि त्यावरूनही चुंबक फिरवा. त्यात लोह भरपूर असतं.